जंगल न तोडता गुरे पोसता येतील?

ब्राझीलमध्ये माणसांपेक्षा गुरे अधिक आहेत. २०२२च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या सुमारे २० कोटी ३० लाख भरली. त्याच वर्षी तेथील गुरांची संख्या २३ कोटींच्या वर गेली होती. यांपैकी सुमारे दोन-पंचमांश गुरे अ‍ॅमेझॉन प्रदेशात मोडणाऱ्या नऊ राज्यांत चरतात. जंगल तोडून जी जमीन तेथे मोकळी झाली, तिच्या बहुतांश भागाचा पहिला उपयोग गवत लावण्यासाठीच झाला. त्यामुळे अ‍ॅमेझॉनचे अरण्य वाचवण्याचा प्रश्न हा मोठ्या प्रमाणात गुरे कशी पाळावीत याचा प्रश्न बनला आहे.

पारा राज्यातील साओ फेलिक्स दो शिंगू या एकाच नगरपालिका क्षेत्राचे उदाहरण बोलके आहे. त्याचा विस्तार सुमारे ८४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून अधिक. लोकसंख्या ६५ हजारांच्या आसपास आणि गुरे सुमारे २५ लाख. ब्राझीलमधील कोणत्याही नगरपालिका क्षेत्रात याहून मोठा कळप नाही. जंगलतोडीच्या आणि वणव्यांच्या यादीतही या क्षेत्राचे नाव वर्षानुवर्षे वरच राहिले आहे.

गुरे आली कोठून?

भारतीय वाचकाला या कळपातील जनावर अनोळखी वाटणार नाही. पांढरा रंग, उंच वशिंड, लोंबती पोळी. ब्राझीलमध्ये ‘नेलोर’ म्हणून ओळखला जाणारा हा गोवंश मूळचा आंध्र प्रदेशातील ओंगोलचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतीय गुरे जहाजांतून तिकडे जाऊ लागली. ओंगोलबरोबर काठियावाडातील गीर गेली, गुजरातमधील कांकरेजही गेली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही मोठी आयात थांबली. तोवर त्या देशात भारतीय वंशाची गुरे पक्की रुजली होती. युरोपीय गुरांना जे ऊन, गोचीड आणि निकृष्ट गवत सोसत नाही, ते या गुरांना सोसते. त्यांच्यावाचून उष्ण प्रदेशात एवढा मोठा मांसव्यवसाय उभा राहणे कठीण होते. आज ब्राझीलमध्ये मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांत याच वंशाचा वरचष्मा आहे. २०२३ मध्ये तेथे व्हियातिना-१९ नावाच्या एका नेलोर गायीचे मूल्य लिलावात चाळीस लाख डॉलरच्या वर ठरले. ओंगोलच्या गोपालकाने हे ऐकले तर त्याचा विश्वास बसणार नाही.

गुरे भारतातील, तर गवत आफ्रिकेतील. ब्राकियारिया कुळातील गवतांनी ब्राझीलची कुरणे व्यापली आहेत. त्यातील ‘मारांदू’ हे वाण एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेने १९८४ मध्ये प्रसारित केले आणि ते लाखो हेक्टरांवर पसरले. एकाच वाणावर एवढी भिस्त ठेवण्याची किंमत पुढे मोजावी लागली. अ‍ॅमेझॉनच्या पाणथळ जमिनीत हे गवत मोठ्या प्रमाणात मरू लागले आणि त्याला ‘मारांदूचा मृत्यू’ असेच नाव पडले.

या सगळ्याला गती मिळाली ती सरकारी धोरणाने. १९६४ नंतरच्या लष्करी राजवटीला अ‍ॅमेझॉनचा निर्मनुष्य विस्तार हा देशाच्या सुरक्षेला धोका वाटत होता. (तेथे आदिवासी शेकडो पिढ्या राहत आले होते, ही बाब हिशेबात धरली गेली नाही.) १९६६ मध्ये ‘सुदाम’ ही विकास यंत्रणा स्थापन झाली. गुरांचे फार्म काढणाऱ्या कंपन्यांना करसवलती मिळाल्या. १९७०पासून ट्रान्स-अ‍ॅमेझोनियन महामार्गाचे काम सुरू झाले. रस्ता जेथे पोहोचला तेथे आधी लाकूडतोडे, मग गुरे, हा क्रम ठरून गेला.

जमिनीवरचा हक्क आणि गाय

जंगल साफ करण्याची रीत साधी आहे. कोरड्या ऋतूत झाडे पाडायची, वाळू द्यायची, पेटवायची. राखेत गवताचे बी टाकायचे, काटेरी तारेचे कुंपण घालायचे आणि गुरे सोडायची. पहिली काही वर्षे राखेतील पोषकद्रव्यांवर गवत जोमाने वाढते. नंतर जमिनीतील फॉस्फरस सरतो, माती घट्ट होते, तण माजते. दहाएक वर्षांत कुरण निकामी होऊ लागते. अशा कुरणावर हेक्टरी जेमतेम एक जनावर पोसले जाते, तेही तयार व्हायला तीन-चार वर्षे घेते.

इतका तोट्याचा वाटणारा व्यवसाय लोक का करतात? याचे उत्तर मांसाच्या भावात कमी आणि जमिनीच्या भावात अधिक आहे. अ‍ॅमेझॉनमधील फार मोठे क्षेत्र सरकारी आहे, पण ते कोणत्याही विशिष्ट कारणासाठी राखून ठेवलेले नाही. अशा जमिनीवर जंगल तोडून गुरे सोडली की ती ‘वापरात’ असल्याचा पुरावा तयार होतो. पुढे एखाद्या कायद्याने ताबा नियमित होतो किंवा जमीन दुसऱ्याला विकली जाते. जमीन बळकावण्याच्या या धंद्याला पोर्तुगीज भाषेत ‘ग्रिलाजेम’ म्हणतात. ‘ग्रिलो’ म्हणजे रातकिडा. बनावट खरेदीखते रातकिड्यांबरोबर पेटीत ठेवली की कागद पिवळा पडतो, कुरतडला जातो आणि जुना दिसू लागतो. त्यावरून हे नाव आले, असे सांगितले जाते. या धंद्यात गाय हे उत्पादनाचे साधन कमी आणि ताब्याची खूण अधिक असते. म्हणूनच केवळ चांगले गवत आणि चांगली औषधे देऊन हा प्रश्न सुटत नाही.

संरक्षित क्षेत्रेही यातून सुटलेली नाहीत. साओ फेलिक्स दो शिंगू परिसरातील आपितेरेवा हे पाराकाना आदिवासींचे राखीव क्षेत्र. तेथे बेकायदा गोपालकांनी इतके अतिक्रमण केले, की काही वर्षे ते देशातील सर्वाधिक जंगलतोड झालेले आदिवासी क्षेत्र ठरले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने सशस्त्र दलांच्या मदतीने तेथून अतिक्रमकांना हटवण्याची मोहीम सुरू केली.

एका हेक्टरात दोन जनावरे

असे असले तरी शेतीशास्त्राकडे या प्रश्नाचे अर्धे उत्तर निश्चितच आहे. ब्राझीलमधील कुरणांचे क्षेत्र सुमारे १६ कोटी हेक्टर असून त्यातील मोठा भाग कमी-अधिक नापीक झाला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासाचा निष्कर्ष असा, की ही कुरणे आपल्या क्षमतेच्या केवळ एक-तृतीयांश उत्पादन देतात. ते निम्म्यापर्यंत नेले तरी मांस, पिके, लाकूड व जैवइंधन यांची २०४०पर्यंतची मागणी आणखी एक हेक्टरही जंगल न तोडता भागू शकेल.

हे साधायचे कसे, याच्या पद्धती ज्ञात आहेत. पहिली, चराईची पाळी. मोठे कुरण विजेच्या तारेने लहान खणांत विभागायचे, गुरे एका खणात काही दिवस ठेवून पुढच्या खणात न्यायची आणि चरलेल्या गवताला सुमारे महिनाभर विसावा द्यायचा. गुरांना ओढ्यात उतरू न देता पाणी हौदात आणून द्यायचे; त्याने ओढ्याचा काठही वाचतो आणि जनावरांची चाल वाचून वजनही वाढते. अम्लधर्मी जमिनीला चुना आणि फॉस्फरस द्यावा लागतो. एवढे नीट केले तर हेक्टरी दोन किंवा त्याहून अधिक जनावरे पोसणे शक्य होते आणि ती वर्षभर आधी तयार होतात.

दुसरी पद्धत द्विदल वनस्पतींची. गवताच्या जोडीला द्विदल वेल लावला तर तो हवेतील नत्र मुळांच्या गाठींत साठवतो आणि युरियाचा खर्च वाचतो. ब्राझीलच्या पश्चिम टोकावरील आक्रे राज्यात एम्ब्रापाच्या शास्त्रज्ञांनी कुडझू आणि भुईमुगाच्या कुळातील बहुवार्षिक चाऱ्याचा वेल गोपालकांच्या कुरणांत रुजवला. मारांदू मरू लागले त्या काळात या मिश्र कुरणांनी तेथील अनेकांना हात दिला.

तिसरी पद्धत झाडांची आहे आणि तिची सर्वांत विकसित उदाहरणे कोलंबियात सापडतात. त्या देशाच्या व्हाये देल काउका खोऱ्यातील ‘एल हातिको’ हे एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले फार्म. तेथे ‘सिपाव’ या काली शहरातील संशोधन संस्थेच्या साथीने तीन थरांचे कुरण उभे राहिले. खाली गवत, मध्ये हेक्टरी दहा हजारांहून अधिक संख्येने दाट लावलेली सुबाभळीची झुडपे आणि वर सावली देणारी मोठी झाडे. गुरे गवताबरोबर सुबाभळीचा पाला खातात; त्यातून त्यांना प्रथिने मिळतात. सावलीमुळे भर दुपारीही त्यांचे चरणे थांबत नाही. कीटकनाशके कमी झाल्याने शेणकिडे परततात, ते शेण मातीत गाडतात आणि माश्यांची पैदास घटते.

सुबाभूळ महाराष्ट्रालाही परकी नाही. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने १९७० आणि ८०च्या दशकांत चारा व सरपणासाठी तिचा मोठा प्रसार केला होता. त्या वेळी येथेही चर्चिला गेलेला तिचा दोष म्हणजे पाल्यातील मिमोसिन हे विषारी द्रव्य. ते जास्त प्रमाणात पोटात गेले तर जनावराचे केस गळतात, वजन घटते. पुढे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना हवाईतील शेळ्यांच्या पोटात हे विष पचवू शकणारे जिवाणू असल्याचे आढळले. ते जिवाणू ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात सोडल्यावर तेथे सुबाभूळ निर्धोक झाली. अ‍ॅमेझॉनपुढील अडचण मात्र वेगळी आहे. अम्लधर्मी, अ‍ॅल्युमिनियमयुक्त मातीत सुबाभूळ खुरटते. म्हणून कोलंबियातील अशा जमिनींत सूर्यफुलाच्या कुळातील टिथोनियासारख्या पिवळ्या फुलांच्या झुडपांकडे शास्त्रज्ञ वळले. एका खोऱ्यातील यश दुसऱ्या खोऱ्यात जसेच्या तसे उचलून नेता येत नाही.

अशा कुरणांसाठी गोपालकांना पैसे देण्याचा प्रयोगही झाला. २००२ ते २००८ या काळात जागतिक बँकेच्या साह्याने कोलंबिया, कोस्टारिका आणि निकाराग्वा या तीन देशांत झाडे लावणाऱ्या गोपालकांना पक्षीवैविध्य व कार्बन यांच्या गुणांकानुसार मोबदला देण्यात आला. २०१० पासून दशकभर कोलंबियात याचीच मोठी आवृत्ती राबवली गेली. तिच्यात सुमारे चार हजार फार्म सहभागी झाले. देशातील एकूण गोपालकांच्या तुलनेत हा आकडा अगदीच लहान आहे. त्याच दशकात, २०१६च्या शांतता करारानंतर बंडखोर मागे हटताच, कोलंबियाच्या अ‍ॅमेझॉन भागात बेकायदा कुरणांसाठी तोड वाढली. २०१७ मध्ये त्या देशाने सुमारे २ लाख २० हजार हेक्टर जंगल गमावले.

हवामानाच्या हिशेबात येथे एक खुलासा आवश्यक आहे. चांगला चारा खाऊन लवकर तयार होणारे जनावर मांसाच्या प्रत्येक किलोमागे कमी मिथेन सोडते आणि झाडांच्या कुरणात कार्बनही साठतो. पण एका हेक्टर घनदाट वर्षावनात शंभर टनांहून अधिक कार्बन असतो. ते एकदा जळाले की कोणत्याही सुधारित कुरणाने ती भरपाई होत नाही. ‘पर्यावरणस्नेही मांस’ या जाहिरातीतील शब्दाकडे वाचकाने या हिशेबाने पाहावे.

पारागोमिनासची कथा

पारा राज्यातच, बेलेम–ब्राझीलिया महामार्गावर पारागोमिनास नावाचे शहर आहे. १९६५ मध्ये वसलेल्या या शहराचे नाव पारा, गोयास आणि मिनास जेराइस या तीन राज्यांच्या नावांतून जुळवलेले. आधी गुरे आणि नंतर लाकडाच्या गिरण्या यांवर ते वाढले. जमिनीवरून होणाऱ्या खूनबाजीमुळे लोक त्याला ‘पारागोबाला’ म्हणत. ‘बाला’ म्हणजे बंदुकीची गोळी.

जानेवारी २००८ मध्ये केंद्र सरकारने सर्वाधिक जंगलतोड करणाऱ्या ३६ नगरपालिका क्षेत्रांची यादी जाहीर केली. तिच्यात पारागोमिनासचे नाव होते. यादीतील क्षेत्रांवर छापे वाढले, बेकायदा तोड झालेल्या फार्मवर बंदी आली आणि त्याच वर्षी बँकांची कर्जेही पर्यावरणीय कागदपत्रांशी जोडली गेली. महापौर, जमीनमालकांची संघटना आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून शून्य तोडीचा करार केला. तो सर्वांना रुचला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये जमावाने पर्यावरण खात्याचे कार्यालय पेटवून दिले. करार मात्र टिकला. यादीतून बाहेर पडण्याच्या अटी दोन होत्या: ८० टक्के खासगी जमिनीची पर्यावरण नोंदवहीत नोंद आणि वर्षाला ४० चौरस किलोमीटरपेक्षा कमी तोड. मार्च २०१० मध्ये त्या पूर्ण करून यादीबाहेर पडणारे पारागोमिनास हे पहिले क्षेत्र ठरले.

पुढच्याच वर्षी तेथे निवडक फार्मवर ‘हरित पशुपालन’ प्रकल्प सुरू झाला. चराईची पाळी, ओढ्यांच्या काठांवर पुन्हा झाडी, जनावरे हाताळताना मारझोड बंद. ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांना फायदा झाला. पण कुरण सुधारायला सुरुवातीला मोठी रक्कम गुंतवावी लागते आणि परतावा यायला काही वर्षे जातात. लहान गोपालकाला ते परवडत नाही. मोठ्या मालकांपैकी अनेकांनी चांगल्या जमिनीवर गुरांऐवजी सोयाबीन घेणे पसंत केले.

याच ठिकाणी अर्थशास्त्रज्ञांची एक शंका मांडली पाहिजे. व्यवसाय अधिक किफायतशीर झाला तर जंगलावरचा भार हलका होईल की वाढेल? हेक्टरी नफा वाढला, तर तोच नफा आणखी जंगल तोडण्याचे आमिष बनू शकतो. कायद्याचा धाक आणि जमिनीची टंचाई असेल तरच सुधारित शेती जंगल वाचवते, असा बहुतेक तज्ज्ञांचा कौल आहे. ब्राझीलची आकडेवारी त्याला पुष्टी देते. ‘इन्पे’ या अवकाश संशोधन संस्थेच्या उपग्रह पाहणीनुसार २००४ मध्ये अ‍ॅमेझॉनमधील वार्षिक तोड २७ हजार ७७२ चौरस किलोमीटर होती. संपूर्ण कोकण विभागाहून ती थोडीच कमी. २०१२ मध्ये ती ४ हजार ५७१ वर आली. या काळात मांसाचे उत्पादन घटले नाही. त्यानंतर पहारा सैल होत गेला आणि २०२१ मध्ये आकडा पुन्हा १३ हजारांवर पोहोचला. कारवाई पुन्हा कडक झाल्यावर ऑगस्ट २०२४ ते जुलै २०२५ या वर्षात तो सुमारे ५ हजार ८०० इतका नोंदवला गेला. गवताच्या वाणात या चढउतारांशी जुळेल असा बदल झाला नव्हता. बदलले होते ते सरकार आणि त्याची इच्छा.

कायदाही कागदावर कठोरच आहे. २०१२च्या वनसंहितेनुसार अ‍ॅमेझॉनच्या जंगलभागातील जमीनमालकाला ८० टक्के क्षेत्र जंगलाखाली राखावे लागते. मात्र जुलै २००८ पूर्वीच्या तोडीबाबत याच संहितेने अनेक सवलती दिल्या आणि नियम मोडूनही पुढे माफी मिळते, हा संदेशही गेला.

वासराचा माग

ग्राहकांच्या बाजूने दबाव आला तो २००९ मध्ये. जून महिन्यात ग्रीनपीसने अ‍ॅमेझॉनमधील जंगलतोड आणि जागतिक ब्रँडचे चामडे-मांस यांचा संबंध दाखवणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच सुमारास पारामधील सरकारी वकिलांनी कत्तलखान्यांवर दावे लावले आणि सुपरमार्केटना नोटिसा पाठवल्या. ऑक्टोबरमध्ये जेबीएस, बेर्तिन, मार्फ्रिग आणि मिनेर्व्हा या चार मोठ्या कंपन्यांनी नवी तोड करणाऱ्या फार्मकडून गुरे न घेण्याचे मान्य केले. फार्मच्या नकाशांची नोंदणी झपाट्याने वाढली.

त्रुटी मात्र मोठी राहिली. एक जनावर आयुष्यात दोन-तीन फार्म बदलते. वासरे एका ठिकाणी जन्मतात, दुसऱ्या ठिकाणी वाढतात आणि तिसऱ्या ठिकाणी पुष्ट होऊन कत्तलखान्यात जातात. कंपन्या तपासत होत्या तो शेवटचा फार्म. पहिल्या फार्मवर जंगल तुटले असले तरी वासरू ‘स्वच्छ’ फार्मवर विकले की त्याचा इतिहास पुसला जाई. जनावरांच्या वाहतुकीचे परवाने सरकारकडे असतात, पण ते रोगनियंत्रणासाठी आहेत. त्यांत नोंद कळपाची होते, एकेका जनावराची नाही.

शेजारच्या उरुग्वेने हा प्रश्न २००६ मध्येच सोडवला. तेथे प्रत्येक गुराला स्वतंत्र क्रमांकाचा बिल्ला सक्तीचा आहे. भारतातही बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला गुरांच्या कानाला लावला जातो, तेव्हा तंत्र अवघड आहे असे म्हणता येत नाही. ब्राझीलने डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय योजना जाहीर केली. सर्व गुरांची वैयक्तिक नोंद पूर्ण करण्यासाठी तिने २०३२ची मुदत ठेवली आहे. पारा राज्याने त्याआधी, २०२३ मध्येच, स्वतःचा कार्यक्रम घोषित केला होता.

युरोपीय महासंघाच्या २०२३च्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरील मांस व चामडे युरोपात विकता येणार नाही. पण त्याची अंमलबजावणी दोनदा लांबणीवर पडली असून मोठ्या कंपन्यांसाठी आता डिसेंबर २०२६ ही तारीख आहे. शिवाय ब्राझीलचे बहुतांश मांस देशातच खपते, आणि निर्यातीत सर्वांत मोठा ग्राहक युरोप नसून चीन आहे. साओ पावलोच्या खाटिकाकडे वा शांघायच्या बाजारात मांस घेणारा जोवर वासराचा जन्म कोठे झाला हे विचारत नाही, तोवर ब्रुसेल्सच्या नियमाची मजल मर्यादितच राहील.

बिल्ल्याचा खर्च कोणी उचलायचा, हा वाद अजून मिटलेला नाही. वासरे विकणारे बहुधा लहान गोपालक असतात आणि त्यांच्यातील अनेकांकडे जमिनीची पक्की कागदपत्रे नाहीत. कागद नसल्याने कर्ज नाही, कर्ज नसल्याने कुरण सुधारत नाही, आणि कुरण थकले की शेजारचे जंगल तोडणे हाच त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त मार्ग उरतो. २०२३च्या अखेरीस सरकारने दहा वर्षांत ४ कोटी हेक्टर नापीक कुरणे पुन्हा उत्पादक करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातील स्वस्त कर्ज माटो ग्रोसोच्या मोठ्या फार्मबरोबरच शिंगूच्या काठावर शंभर हेक्टरांत वासरे वाढवणाऱ्या कुटुंबापर्यंत पोहोचते का, याकडे तेथील अभ्यासकांचे लक्ष आहे.